ते पाणी माझं होतं

भाऊ, तुझे मासे सगळे धड आहेत. आधी तेच सांगते, कारण तू असतास तर माझी तब्येत, घरचे, शेत, काही न विचारता आधी तेच विचारलं असतंस. साठ-सत्तर बरण्यांपैकी फक्त तीन रिकाम्या झाल्या, आणि त्या तिघांचं वय झालं होतं हे तूही कबूल केलं असतंस. निळ्या शेपटीच्या म्हाताऱ्याने तुझ्या तेरवीच्या दिवशी पुन्हा फेसाचं घरटं बांधायला घेतलं. बाहेर मांडवात पंगत बसली होती आणि हा आत आपला बुडबुड्याला बुडबुडा लावत होता. मला हसू आलं आणि ते आवरेना, म्हणून मी तोंडाला पदर लावला. बाहेरच्या बायांना वाटलं, बहीण रडते आहे. ते पण खोटं नव्हतं.

तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. कसा गेलास ते सगळ्यांना ठाऊक आहे, मला ते लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते वेगळं. दीड वर्ष दर शनिवारी तुझ्यासमोर बसून जी गोष्ट मी तुला सांगितली नाही, ती. ती एकदम तोंडातून निघणार नाही. तुला ठाऊक आहे, मला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड आहे, तेव्हा ऐक.

सुरुवात वहिनींनी केली होती, हे तू शेवटी शेवटी विसरला होतास. राइस मिलची धूळ आणि बिडी, दोघींनी मिळून तुझ्या छातीचा भाता केला होता. डॉक्टरने बिडी सोडायला सांगितली होती आणि तू ती रोज सकाळी सोडायचास. मग एक दिवस वहिनी बाजारातून काचेचं भांडं आणि दोन गप्पी मासे घेऊन आल्या. ‘तलफ आली का यायच्याकडे पाहत जा,’ म्हणाल्या. दहा-बारा दिवसांनी मला तुझा फोन. मी अंगणवाडीत लेकरांची वजनं करत होते.

‘मंदे, मासोळीले पिल्लं झाली.’

‘मग काय वासरू होईल?’ मी म्हटलं.

तू हसला नाहीस. ‘तू समजून नाही राहिली,’ तू म्हणालास. ‘काल नोहते. आज आहेत.’

मी पुढे पुष्कळ विचार केला, भाऊ, या नादाचा. लोक म्हणायचे, मासे पाहिले की डोकं शांत होतं म्हणून माणूस मासे पाळतो. तुझं डोकं कुठे शांत झालं? तू तर दर अर्ध्या तासाने उठून पाहून यायचास. तुला मासे लागत नव्हते. तुला ते ‘काल नोहते, आज आहेत’ लागत होतं. तीस वर्षं तू दुसऱ्याच्या मिलमध्ये दुसऱ्याचं धान भरडलंस, पट्टे बदललेस, बेअरिंगचा आवाज ऐकून सांगायचास की हे परवा बसणार. सगळं आयुष्य मोडलेलं सुरू करण्यात गेलं. आणि इथे एका भांड्यात, कुणी न सांगता, काहीतरी नवीनच सुरू झालं होतं. बिडी सुटली, पण तलफ काही गेली नाही. तिने फक्त जागा बदलली.

गप्पी झाले, मोली झाले. मागच्या खोलीतले धानाचे कट्टे वर माळ्यावर गेले आणि टाक्या आल्या. मग तू म्हणालास, ‘गप्पी काय, कोणीही काढते,’ आणि फायटर मासे आणलेस. प्रत्येक वेळी म्हणायचास, हा शेवटचा जोडा. वहिनी म्हणायच्या, ‘हाव, बिडी बी शेवटचीच राहे.’

फायटरचं खरं कौतुक तुमच्या घरी येऊनच कळलं मला. नर-मादी एकदम सोडले तर नर तिला फाडून काढतो. म्हणून तू बाबांच्या कंदिलाची जुनी काच टाकीत उभी करायचास आणि मादीला तिच्यात ठेवायचास, म्हणजे त्याने तिला बघावं पण गाठू नये. तो आधी पर फुलवून मिरवायचा आणि मग निमूट कामाला लागायचा, एकेक बुडबुडा तोंडाने आणून बदामाच्या सुक्या पानाखाली चिकटवायचा. ‘आधी घर, मंग बायको,’ वहिनी म्हणायच्या. ‘माणसायनं शिकाव याच्यापासून.’ मग काच उचलायची. अंडी पडली की तोच ती तोंडात धरून एकेक वर नेऊन ठेवतो, आणि पिल्लं आडवी पोहू लागेपर्यंत राखण करतो. मादीला तेवढ्यात बाहेर काढावं लागतं, नाही तर तो तिलाच मारतो.

अंडी पाहावीत तर वहिनींनी. तुला चष्म्यातूनही दिसायची नाहीत. त्या मांडीवर सूप घेऊन टाकीसमोर बसायच्या आणि तांदूळ निवडता निवडता मान वर करून सांगायच्या, ‘पडली.’ दोन नर एकमेकांना दिसले की काचेवर डोकी आपटतात, म्हणून बरण्यांच्या मध्ये जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापून लावायचं काम त्यांचंच. सात वाजता तू मिलमधून यायचास, आणि मग जेवायला उठेपर्यंत तुम्ही दोघं त्या खोलीत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तुम्ही एवढं कधी बोलला नव्हता. हे मला वहिनींनीच सांगितलं होतं, आणि सांगताना लाजल्या होत्या.

माझी भरती झाली ती पिल्लांच्या पोटासाठी. फायटरचं पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि एक रेघ. त्याला कोणती भुकटी घालणार? दुकानातलं काही चालेना, पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उपाशी मरायची. तेव्हा मी सहज म्हटलं की आमच्या दवनीवाड्याला जनावरांच्या टाक्यात धानाच्या काडीची तणीस भिजून राहिली की पाणी गढूळ होतं आणि त्यात काहीतरी वळवळतं. तू आधी हसलास. मग म्हणालास, आण. मूठभर तणीस उकळायची, निववायची, मडक्यात पाच दिवस उघडी ठेवायची. ते पाणी उजेडात धरलं की धूळ पोहताना दिसते. तुझी पिल्लं त्या धुळीवर जगली. त्या दिवशी तू मला पुऱ्या मोहल्ल्यात फिरवून सांगितलंस, हे माह्या बहिणीनं शोधलं.

मग दर शनिवारी दोन बाटल्या घेऊन मी बसने यायला लागले. गोंदियात तणीस मिळत नाही असं थोडंच आहे? धानाचाच मुलूख आपला. पण तू म्हणायचास, ‘तुह्याच हातचं पानी लागते यायले.’ हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि बाटल्या मांडीवर घेऊन बसमध्ये मी तेच वाक्य आठवत बसायचे. लग्न झालेली बहीण भावाकडे राखीला जाते, दिवाळीला जाते, नाही तर कुणी गेलं तर जाते. मी दर शनिवारी जात होते. माझ्या ओळखीत असं नशीब दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

आपण भांडलोही पुष्कळ. वाकड्या पाठीची पिल्लं तू मारायचा नाहीस, त्यांची वेगळी टाकी केली होतीस. मी म्हणायचे, यांना खाऊ घालण्यात चांगल्यांचं पोट मारतोस. उरलेले गप्पी गावच्या नालीत सोडू, डासांच्या अळ्या खातील, आमचे आरोग्यवालेही सोडतात, असं म्हटलं तर तू आठवडाभर रुसला होतास. ‘माही पोरं नालीत?’ आणि एक भांडण अर्धंच राहिलं. मी म्हटलं होतं, भाऊ, तुला मासे आवडतच नाहीत. पिल्लू मोठं झालं की तू त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीस, तुला फक्त पुढची अंडी दिसतात. तू म्हणालास, ‘मंग तू कायले येतं दर शनिवारी? मासोळ्यायसाठी?’ मी बाटल्या धुवायला घेतल्या. आपण दोघंही एकाच नादाचे होतो, एवढंच त्या दिवशी कळलं.

आता तो रंग. तुला पिकल्या धानाच्या रंगाचा फायटर हवा होता. पिवळा नको, सोनेरी नको, कापणीच्या आधल्या आठवड्यात बांधीत दिसतो तो. मी म्हणायचे, तो रंग लोकांना फुकट दिसतो, त्याच्यासाठी टाक्या कशाला? पण तू चार पिढ्या जोड्या लावत गेलास. एकाची शेपटी जमली तर अंग लाल निघायचं, अंग जमलं तर पर काळे. शेवटी एक जोडा लागला. मादी तर जवळजवळ तीच होती. अंडी पडली, दीडशेवर पिल्लं फुटली, आडवी पोहायला लागली. मी शनिवारी आले तेव्हा तू मला दारातच थांबवून सांगितलंस, ‘चपला काढ, हात धू, हळू ये.’ देवळात नेतोयस असं वाटलं. मी आणलेलं पाणी तू स्वतः चमच्याने घातलंस.

रविवारी सकाळी एकही जिवंत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी त्या खोलीत फार डास होते म्हणून वहिनींनी दाराशी कॉइल लावली होती. तू सकाळी ती राख पाहिलीस. ओरडला नाहीस, तू ओरडणारा नव्हतासच. बाजारात गेलास, कुलूप आणलंस, खोलीला लावलंस. दोन किल्ल्या होत्या. एक तू खिशात ठेवलीस आणि दुसरी पुढच्या शनिवारी मला दिलीस. ‘तुह्या वहिनीले काही समजत नाही,’ तू म्हणालास. वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, ‘हो.’

हा ‘हो’ मी कधी म्हटला ते ऐक, भाऊ. पिल्लं गेल्याचा तुझा फोन रविवारीच आला होता. त्या सोमवारी मी नवं पाणी लावायला म्हणून बैलांच्या कोठ्यातली तणीस घ्यायला गेले, तर माझे मालक म्हणाले, ‘कोठ्यातली नको घेऊ. मांगच्या आठवड्यात गोचिडाची दवाई सांडली होती तिच्यावर. बैलायलेही नाही टाकली मी.’ मी दरवेळी बाहेरच्या ढिगातली घेत होते. मागच्या सोमवारी अवकाळी पाऊस पडला, ढीग भिजला, म्हणून तेवढ्या एका वेळी कोठ्यातली मूठभर उचलली होती. ती दवाई मासोळीला विषासारखी लागते हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. बैल धुतले की ते पाणी बोडीच्या तळ्यात जाऊ देऊ नको म्हणायचास. मी तणीस हातात घेऊन तिथेच उभी राहिले. म्हणजे तुझ्या घरी येऊन ‘हो’ म्हणाले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.

ते पाणी माझं होतं, भाऊ.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. पहिल्या शनिवारी ठरवूनच निघाले होते. पण तू दारात उभा राहून म्हणालास, ‘बरं झालं तू आली. तुह्या पान्याचाच भरवसा आहे आता.’ माझ्या जिभेला तिथेच टाका पडला. मग दुसरा शनिवार, तिसरा. ती मादी पुन्हा अंड्यावर आली नाही, पावसाळ्यात मेली. नरही गेला. त्या दीडशे पिल्लांचा रंग कसा निघाला असता ते कुणालाच कळलं नाही. तो रंग तुला पुन्हा जमला नाही, आणि जितका तो लांब गेला तितकं मला सांगणं जड होत गेलं.

आणि एक आणखी वाईट आहे, ते पण सांगून टाकते. मला ती किल्ली आवडत होती. आधी त्या खोलीत तुम्ही दोघं बोलायचात आणि मी तिसरी असायचे. आता आपण दोघं होतो. तू मला आईच्या, शाळेच्या, बांधीतल्या खेकड्यांच्या गोष्टी सांगायचास. वहिनी चहा दाराबाहेर ठेवून कप वाजवायच्या आणि निघून जायच्या. मी तो चहा आत घ्यायचे. गरम असायचा.

तुझ्यावरही माझा राग आहे. तू यंत्राचा माणूस, आवाजावरून बिघाड ओळखणारा, तू एकदा तरी विचारायचं होतंस की पाण्यात काय होतं. पण घरात काही बिघडलं की आधी बाईकडे बघायचं, ही खोड तुझ्या एकट्याची नाही. त्यात माझं सोयीचं झालं, एवढंच.

तू गेल्यावर तेरवीपर्यंत मी तिथेच राहिले, मग एक दिवसाआड येत राहिले. मासे मीच बघत होते. वहिनी दारापर्यंत यायच्या आणि उंबऱ्याशी थांबायच्या. मी म्हटलं, या ना आत. ‘नको बाई. माह्या हातानं मरतात ते. त्यायनंच म्हटलं होतं.’ असं नुसतं सांगितल्यासारखं म्हणाल्या, रडल्या वगैरे नाहीत. दुकानवाल्याशी बोलणंही त्यांनीच करून टाकलं होतं. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता. ‘भाभीजी, टंकी, बरनी, सब एक साथ ले जाऊंगा,’ म्हणाला होता, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. आपल्या हाताला बरकत नाही म्हणून त्या तुझं सगळं देऊन टाकणार होत्या, आणि मी तिथे उभी राहून बरण्यांचं पाणी बदलत होते.

रविवारी मी सकाळच्या बसने गेले. वहिनी ओसरीवर सुपात लसूण घेऊन सोलत होत्या. मी समोर बसले.

‘वहिनी, ती पिल्लं तुमच्या कॉइलने नाही मेली.’

त्यांचा हात थांबला नाही. ‘मंग?’

मी सांगितलं. तणीस, कोठा, दवाई, सगळं. त्या सोलत राहिल्या.

‘तुमाले कवा समजलं?’

‘दुसऱ्याच दिवशी. सोमवारी.’

‘त्यायले सांगतलं?’

‘नाही.’

‘काऊन?’

बसमध्ये मी याची चांगली चार उत्तरं करून ठेवली होती. भावाला त्रास नको, झालं ते झालं, असली. त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यातलं एकही निघेना. मी म्हटलं, ‘माझा शनिवार जाईल अशी भीती वाटली.’

तेव्हा त्यांनी मान वर केली. ‘तुमचा एक शनिवार होता, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘माहे तर सातही गेले.’

मला वाटलं होतं त्या मला बोलतील, हाकलतील, निदान रडतील, आणि मग मी पाया पडेन. पाया पडायचं तर मी घरूनच ठरवून आले होते. पण त्या वाक्यानंतर पाया पडण्यासारखं काही उरलंच नाही. दवाई सांडली हा माझा गुन्हा नव्हता, तो कुणाचाच नव्हता. तू जिवंत होतास, मागच्या खोलीत होतास, संध्याकाळी सात वाजता घरी येत होतास, आणि दीड वर्ष ती बाई भिंतीच्या अलीकडे बसून होती. ते माझ्या एका शब्दाने मिटलं असतं. पिल्लं पुन्हा काढता येतात, तुला तर रोजच येत होती. ही दीड वर्षं कुठून आणू?

मी किल्ली काढून त्यांच्या सुपात ठेवली. त्यांनी ती उचलली, मोरीत जाऊन हात धुतले, साबण न लावता, तीनदा, तू शिकवलं होतंस तसे. कुलूप काढलं. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग उठले.

‘तुम्ही नका येऊ,’ त्या आतून म्हणाल्या. ‘दार ओढून घ्या.’

मी दार ओढलं आणि ओसरीवर बसले. आतून पंपाची घरघर येत होती. थोड्या वेळाने वहिनींचा आवाजही यायला लागला, अगदी हळू. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. दुपारी दुकानवाला आला. मी दार वाजवून सांगितलं, तो आलाय. ‘त्याले म्हना, विकाच्या नाही,’ त्या म्हणाल्या. मी तसंच सांगितलं, आणि तो रिकामी गाडी घेऊन परत गेला.

भाऊ, माफी तुझ्याकडे मागत नाही. तुझी मागणं सोपं आहे, तू काही म्हणणार नाहीस. मी आता शनिवारी येते, दोन बाटल्या घेऊन, बाहेरच्या ढिगातल्या तणसाचं पाणी. वहिनी त्या घेतात, उजेडात धरून नीट बघतात आणि आत जातात. मग मी दाराबाहेर चहा ठेवते आणि कप वाजवते. त्या घेतात. अजून त्यांनी मला आत बोलावलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.